बॉबकॅटचं लिव्हर जड झालंय, मशीन झटके मारतंय? पंप उतरवायच्या आधी हे बघून घ्या

पहाटे साडेपाचला फोन वाजला की नाव बघायची पण गरज नसते, यार्डातनंच असतो. परवा पण तसंच, "शेठ, उजवं पेडल दगडासारखं झालंय, दोन्ही पाय लावले तरी बकेट वळंना." साखर कारखान्याचं बगॅस (उसाचा चोथा) यार्ड, गळीत हंगाम ऐन भरात, बॉयलरकडं जाणाऱ्या रिटर्न कॅरियरच्या पट्ट्यावर बगॅस ढकलायचं काम अर्धा तास थांबलं की बॉयलरवाले ओरडायला लागतात. मागं एकदा असंच झालं होतं तेव्हा मी घाबरून बाहेरचा एक मेकॅनिक बोलावला, त्यानं मशीनभोवती एक चक्कर मारली, दोनदा लिव्हर हलवलं आणि म्हणाला पंप गेलाय, दीड लाख धरून चाला. मी जवळजवळ हो म्हणलो होतो. नंतर ऑपरेटरनंच पायाखालची रबरी मॅट उचलली, तर पेडलच्या दांडीखाली बगॅस दाबून दाबून त्याची अक्षरशः वडी झालेली, वर पाणी पडून सुकून कडक. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढली, पिव्होटला ग्रीस मारलं, पेडल पहिल्यासारखं. खर्च शून्य आणि माझी लाज.

तेव्हापासून एक नियम केलाय. कंट्रोल जड झालं किंवा मशीन झटके मारायला लागलं की आधी ठरवायचं, बिघाड तेलाच्या अलीकडं आहे की पलीकडं. म्हणजे दांड्या, पिना, बुश, केबल या लोखंडाच्या बाजूला आहे का व्हॉल्व्ह, पंप, तेल या बाजूला. हे एवढं ठरलं की निम्मं काम झालं, आणि ते ठरवायला बारा-तेराचा पाना, एक पक्कड आणि वीस मिनिटं लागतात, लॅपटॉप लागत नाय.

आपल्याकडं कंपनी कुठलीही असो, छोटा लोडर म्हणजे बॉबकॅट, जसं बॅकहो म्हणजे जेसीबी. या मशीनचा जन्मच घाणीत काम करायला झालाय. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सिरिल आणि लुइस केलर या भावांनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या शेडमधली घाण काढायला तीन चाकांचा छोटा लोडर बनवला, बॉबकॅट हे नाव पुढं १९६२ला आलं. त्यामुळं कचरा आत जाणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, फक्त तो कुठं कुठं जातो हे माहीत पाहिजे.

हात लावायच्या आधी

हे वाचायचा कंटाळा येतो मला माहितीय, तरी वाचा. मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीला टेकलेली, इंजिन बंद, मग चावी ऑन आणि सीट बार (ऑपरेटरच्या पुढ्यात येणारा सुरक्षेचा दांडा) खाली ठेवून लिव्हर-पेडल सगळ्या बाजूला चार-चार वेळा हलवा म्हणजे लाइनीत अडकलेलं प्रेशर उतरतं. आर्म (बकेट उचलणारे हात) वर ठेवूनच काम करायचं असेल तर कंपनीचा आर्म सपोर्ट लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाय. लाकडी ओंडका, बांबू, "अरे मी धरतो लिव्हर", यातलं काही चालत नाय, आर्म खाली यायला सेकंदसुद्धा लागत नाय.

आणि लिकेज हातानं चाचपू नका. होजला सुईएवढं भोक असेल तर त्यातनं येणारी धार डोळ्याला दिसत नाय पण चामडीत घुसते. जखम टोचल्यासारखी बारीक दिसते, दुखतही नाय सुरवातीला, आणि मग आतनं हात सडायला लागतो. पुठ्ठा किंवा लाकडाची फळी पुढं धरून बघा, पुठ्ठ्यावर ओलं पडलं की कळतं. कुणाला धार लागलीच तर हळद लावून घरी पाठवू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि तिथं स्पष्ट सांगा की प्रेशरखाली तेल आत गेलंय, कारण बघून त्यांनाही ते किरकोळ वाटू शकतं.

ऑपरेटरला नीट विचारा

"झटका मारतंय" यात दहा गोष्टी येतात. मी ऑपरेटरला एवढंच विचारतो: एकच काम बिघडलंय का सगळी? म्हणजे फक्त बकेट वळताना होतंय का आर्म उचलताना, चालताना पण होतंय? आर्म-बकेटपैकी एकच असेल तर पंपाला विसरा, तो दोघांनाही तेल देतो (चालण्याचा पंप वेगळा, त्याचं पुढं), एकट्या बकेटवर राग कशाला काढेल. त्या एका कामाची दांडी, त्याचा स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा), त्याचा जॅक (तेलाच्या प्रेशरनं सरकणारा सिलिंडर), त्याच्या पिना, एवढ्यातच शोधायचं. सगळंच बिघडलं असेल तर मग तेल, फिल्टर, सक्शन (टाकीतनं पंपाकडं तेल ओढायची वाट), रिलीफ (जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह).

दुसरं, इंजिन बंद असताना (चावी ऑन, सीट बार खाली) पण जड आहे का? बंद मशीनचं पेडल जड लागलं म्हणजे प्रेशरचा संबंधच नाय, लोखंडाचंच काम आहे किंवा स्पूल अडकलाय. चालू झाल्यावरच जड होत असेल तर तेलाकडं बघा.

तिसरं, गार असताना का गरम झाल्यावर? सकाळी पहिली दहा मिनिटं त्रास आणि मग नीट, म्हणजे तेल घट्ट आहे. उलट दुपारी तापल्यावर त्रास सुरू होत असेल तर तेल पातळ पडतंय, कुठंतरी आतल्या आत गळती आहे किंवा तापून स्पूल धरतोय.

आणि हो, थ्रॉटल किती होता तेही विचारा. स्लो आयडलला आर्म थोडा थबकत वर जाणं हा बिघाड नाय, पंप तेवढं तेलच देत नाय. डिझेल वाचवायच्या नादात नवीन पोरं कमी आरपीएमवर भरलेली बकेट उचलतात आणि मशीनला शिव्या देतात.

कडी तोडा

आता मुख्य काम. हाताच्या लिव्हरची आणि पायाच्या पेडलची साधी मशीनं, म्हणजे दोन हातांनी चालवायचं आणि पायानं आर्म-बकेट करायची, यांच्यात पेडलपासून कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत एक लोखंडी दांडी जाते आणि स्पूलच्या डोक्याला पिननं किंवा बोल्टनं जोडलेली असते. ती पिन काढायची. दोन मॉडेल वगळता मी बघितलेल्या सगळ्या मशीनला हात घालायला केबिन मागं उलटवावी लागली, केबिनचे नट काढायच्या आधी वर काही लटकत नाय ना बघा आणि उलटल्यावर तिचा लॉक बसलाय का ते हलवून बघा.

पिन काढली की पेडल मोकळं झालं. आता बोटानं पेडल दाबा. अजून जड आहे? मग व्हॉल्व्हला हात लावायचं कारणच नाय, बिघाड तुमच्या बाजूला आहे. पिव्होट बुश सुकलंय, दांडी कुठंतरी वाकून चॅसीला घासतेय, रिटर्न स्प्रिंग तुटून मध्ये आडवी आलीय, खाली माती-बगॅस-खडी साठलीय. आमच्याकडं उन्हाळ्यात मशीनला ब्रूम लावून डांबरीकरणाच्या आधी रस्ता झाडायचं काम असतं, त्यातली बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळते आणि बुशमध्ये पॉलिश पेपरसारखी बसते. असं बुश नुसतं वरनं ग्रीस मारून सुधरत नाय, पिन बाहेर काढून डिझेलनं धुवा, पिनेवर बोट फिरवा, नखाला खाच लागली तर पिन-बुश दोन्ही बदला. लेथवाल्याकडनं बनवून घेतलं तरी चालतं, फक्त साइझ देताना जुनी झिजलेली पिन मापाला देऊ नका, न झिजलेल्या टोकाकडचं माप द्या. ही चूक मी केलीय.

पिन काढल्यावर पेडल हलकं झालं आणि पलीकडं स्पूल हातानं ढकलला की तो जड लागतोय, असं असेल तर पुढचं वाचा. पण थांबा, त्याच्याही आधी एक.

सीट बारनं लॉक केलंय का?

बऱ्याच मशीनला सीट बार वर असला किंवा चावी बंद असली की आर्म आणि बकेटचे स्पूल मुद्दाम लॉक होतात, सुरक्षेसाठी. लॉक सोडायला छोटा सोलेनॉइड (करंटवर चालणारी खिट्टी) असतो आणि त्याला करंट लागतो. बॅटरीची अर्थिंग गंजली, सीट बारचा सेन्सर हलला, सोलेनॉइडची वायर उंदरानं कुरतडली (बगॅस यार्डात उंदीर म्हणजे घरचेच), की लॉक उघडत नाय किंवा अर्धवट उघडतो आणि पेडल एकदम दगड. हे जड होणं वेगळं असतं, ग्रीस नसलेलं पेडल हळूहळू का होईना जातं, लॉक झालेलं पेडल थोडं हलतं आणि ठक्कन थांबतं. पायाला फरक कळतो.

बघायचं कसं, तर शांत जागी इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, बार खाली घ्या, कंट्रोल चालू करायचं बटन असेल तर दाबा, आणि व्हॉल्व्हजवळ कान ठेवा, टक असा आवाज आला पाहिजे. नाय आला तर मल्टिमीटर घेऊन सोलेनॉइडच्या प्लगवर बॅटरीएवढे व्होल्ट येतात का बघा. व्होल्ट येतात पण टक नाय, कॉइल गेली. व्होल्टच नाय, मागं मागं वायर धरून जा. काही जण हा लॉक कायमचा काढून टाकतात, "कटकट नको" म्हणून. मी काढत नाय. उतरताना पाय पेडलला लागून आर्म खाली आला तर तो कुणाच्या पाठीवर येईल सांगता येत नाय.

स्पूलच धरत असेल तर

स्पूल म्हणजे खाचा असलेला गुळगुळीत दांडा, कंट्रोल व्हॉल्व्हच्या भोकात पुढं-मागं सरकतो आणि तेलाला वाट देतो. दांडा आणि भोक यांच्यातली फट काही मायक्रॉनची, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यामुळं तेलातनं आलेला एक कण पुरतो.

सगळ्यात आधी बाहेरचं टोक बघा. जिथं दांडी जोडतो तिथं रबरी बूट असतो. तो फाटला की मशीन धुताना प्रेशर जेटचं पाणी आत जातं. मी एकदा बूट मागं सरकवला तर आतनं चहासारखं लालसर पाणी गळलं आणि स्पूलच्या उघड्या भागावर गंजाचे टिपके, त्यावरच ऑइल सील घासत होतं. अशा वेळी गंज फक्त बाहेरच्या भागावर असेल तर अगदी बारीक, २००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून हलक्या हातानं तेवढाच भाग पुसायचा. जो भाग भोकात जातो त्याला पॉलिश पेपर लावायचा नाय, काय वाट्टेल ते झालं तरी नाय, एकदा तिथं चर पडला की तेल आतल्या आत पळतं आणि आर्म आपोआप खाली सरकायला लागतो.

दुसऱ्या टोकाला टोपी असते, त्यात सेंटरिंग स्प्रिंग. पेडल सोडलं की मधोमध आणायचं काम तिचं. स्प्रिंगचा एक वेढा तुटला तर पेडल एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलकं लागतं आणि सोडल्यावर परत येत नाय. आर्मच्या स्पूलला याच टोकाला फ्लोटची खाच असते, पेडल पूर्ण पुढं दाबलं की त्यात अडकून राहतं आणि बकेट जमिनीच्या चढउतारावर तरंगते. खाचेतला छर्रा किंवा त्याची स्प्रिंग खराब झाली तर पेडल फ्लोटमध्येच फसून बसतं, नवीन ऑपरेटरला वाटतं जाम झालं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. सील किट टाकायला व्हॉल्व्ह उतरवला, सगळं धुऊन जोडला, आणि "परत गळायला नको" म्हणून बोल्ट जीव लावून आवळले, वर पाइप घालून. स्पूल जाम. काढला, परत धुतला, परत जोडला, परत जाम. दिवस गेला. तिसऱ्या वेळी सहज बोल्ट पाव आटा ढिले केले आणि स्पूल सुर्रकन सरकला. चॅसीचा पत्रा जरा वाकडा होता, त्यावर ब्लॉक ओढून घेतल्यानं ब्लॉकच किंचित पिळला गेला होता, आणि काही मायक्रॉनच्या फटीला किंचित पण खूप होतं. तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या लांब बोल्टांचं पण तसंच. टॉर्क रेंच वापरा, मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, आणि ब्लॉकखाली जागा राहत असेल तर वॉशर-शिम घालून सपाट करा. स्पूल कधी एका सेक्शनचा दुसऱ्यात घालू नका, प्रत्येक जोडी आपापली घासून बसवलेली असते.

झटका म्हणजे बहुतेक वेळा हवा

जड होण्याचं कारण माझ्याकडं तरी बहुतेक लोखंडात सापडलंय, झटक्याचं मात्र तेलात. तेल दाबलं जात नाय, हवा दाबली जाते, म्हणून लाइनीत हवा असली की जॅक आधी थांबतो आणि मग उडी मारतो.

तेलाची काच किंवा डिपस्टिक बघा, मशीन सपाट, आर्म खाली. लेव्हल कमी असेल तर उतारावर सक्शन उघडं पडून हवा ओढली जाते. तेलावर फेस असेल तर हवा आत येतेय. तेल ताकासारखं पांढरट असेल तर पाणी. फेस आणि पाणी यात गोंधळ होतो, म्हणून एका स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडं तेल काढून तासभर ठेवा, फेस असेल तर वर येऊन निवळतं, पाणी असेल तर तसंच गढूळ राहतं. आणखी खात्री पाहिजे तर मोकळ्या जागेत, डिझेलपासून लांब, गरम पत्र्यावर एकच थेंब टाका, पाणी असेल तर फोडणीसारखा तडतडतो.

आवाजावरनं पण कळतं. पंपात खडे हलवल्यासारखा खडखडाट आला तर हवा. सारखी बारीक किंकाळी येत असेल तर पंपाला तेल पुरत नाय, टाकीतली चाळणी किंवा सक्शन होज चोक. आमच्या एका मशीनची सक्शन होज बाहेरनं नवीकोरी दिसत होती, आतला रबराचा थर सुटून पडद्यासारखा लोंबत होता, आरपीएम वाढवला की तो पडदा वाट बंद करायचा. होज काढून आतनं टॉर्च मारल्याशिवाय ते दिसलंच नसतं.

सक्शनची गळती फसवी असते कारण तिथं तेल बाहेर येत नाय, हवा आत जाते, म्हणजे जोड कोरडा ठणठणीत दिसतो. क्लिप आवळून बघा, आणि संशय असलेल्या जोडावर जाड ग्रीसचा थर द्या. ग्रीस दिल्यावर पंपाचा आवाज बदलला तर जोड सापडला. पंख्यापासून हात-कपडे लांब ठेवा.

तेल कुठलं घालायचं यावर वाद घालायला लोकांना फार आवडतं. बाटलीवरचा ४६ किंवा ६८ हा आकडा म्हणजे ४० अंशाला तेल किती घट्ट आहे ते, आकडा मोठा तेवढं घट्ट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ६८ बरं पडतं, पण तेच मशीन डिसेंबरच्या पहाटे जड चालतं. काही कंपन्या हायड्रोलिकमध्ये पण इंजिन ऑइलच सांगतात, म्हणून दुकानदाराला विचारू नका, मॅन्युअल उघडा. आणि जे आहे त्यात दुसरं मिसळू नका, कमी पडलं म्हणून ट्रॅक्टरचं उरलेलं ओतलं असले प्रकार झटक्याचं मूळ असतात. पहाटे पाच-दहा मिनिटं मशीन आयडलवर ठेवून आर्म-बकेट हळूहळू वरखाली केली की निम्मी तक्रार संपते.

फिल्टर बदलताना जुना फेकू नका. कापून उलगडा, कागदाच्या घड्यांमध्ये बघा. काळी रबराची चुरी म्हणजे सील किंवा होज सुटतेय, पितळी चमक म्हणजे पंप-मोटरच्या आतलं काहीतरी झिजतंय, लोखंडी चुरा चुंबकाला चिकटतो. फिल्टरच्या पोटात मशीनचा रिपोर्ट असतो आणि तो फुकट मिळतो.

कपलर, ज्याच्याकडं कुणी बघत नाय

ब्रूम, ब्रेकर, ऑगर लावायच्या जलद कपलरमधला (होजचे झटपट जोड) एक अर्धवट बसला की तेलाची वाट निम्मी बंद होते. आणि ऑक्झिलरीचं (अटॅचमेंटला तेल देणाऱ्या लाइनीचं) बटन चालू स्थितीत अडकून राहिलं, पुढं अटॅचमेंट मात्र नाय, मग पंपाचं सगळं तेल रिलीफमधनं जोरात परत टाकीत, इंजिन दबतं, तेल तापतं, आर्म-बकेट दोन्ही झटके मारतात. मी पाच हजार रुपये व्हिजिटचे देऊन हे शिकलोय, आलेल्या माणसानं फक्त एक बटन दाबलं. कपलर दाबून, फिरवून, ओढून बघा, आणि ऑक्झिलरी बंद करून परत चालवून बघा.

आर्म खाली येताना कर्र कर्र

हे हायड्रोलिकचं वाटतं आणि नसतं. सुकलेली पिन आधी धरते, मग एकदम सुटते, आर्म थरथरत खाली येतो. मशीन लोडविना हळू चालवायला सांगा, तुम्ही लांब बाजूला उभं राहून प्रत्येक पिनेकडं बघा आणि ऐका. जी पिन ओरडतेय तिच्या निप्पलमधनं ग्रीस आत जातं का बघा, बऱ्याचदा निप्पलच चोक असतो, पोरगं रोज गन लावतं, ग्रीस बाहेरच्या बाहेर पुसलं जातं आणि वहीत मात्र "ग्रीस केले". निप्पल बदला, जुनं काळं ग्रीस बाजूनं बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारा.

एक वेगळं लक्षण: आर्म वर घ्यायला पेडल दाबलं की आधी थोडा खाली बसतो आणि मग वर जातो. हा पिनेचा दोष नाय, व्हॉल्व्हमधला लोड चेक (वजनानं तेल मागं पळू न देणारी छोटी झडप) नीट बसत नाय, त्याच्या सीटवर कचरा किंवा स्प्रिंग मेलेली. छोटा पार्ट आहे, काढून धुतला तरी कधी कधी भागतं.

जॅकचं पॅकिंग (आतलं सील) गेलंय का बघायचं तर भरलेली बकेट फूटभरच उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासून माप घ्या, दहा मिनिटांनी परत घ्या. फार उतरली तर जॅक किंवा स्पूल. पण पॅकिंगनं आर्म सरकतो, झटका क्वचितच मारतो, तेव्हा झटक्यासाठी आधी जॅक खोलू नका.

चालताना झटका

ड्राइव्हच्या लिव्हरला पण तोच नियम, पंपावरच्या छोट्या कंट्रोल आर्मपासून दांडी सोडा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलवून बघा. मशीन आधी लाकडी स्लीपरवर पक्कं ठेवा, चारी चाकं अधांतरी, नुसत्या गाडी उचलायच्या जॅकवर नाय. लिव्हरला स्कूटरच्या शॉकअपसारखा छोटा डॅम्पर असतो, तो सुटा करून ओढा-दाबा, दोन्हीकडं सारखा विरोध लागला पाहिजे, मध्येच दोन बोटं मोकळा गेला तर तो मेला आणि ऑपरेटरच्या हाताचा प्रत्येक धक्का सरळ पंपाला जातोय. मग खड्ड्यात मशीन उडतं, उडालं की हात हलतो, हात हलला की अजून उडतं. घोड्यावर बसल्यासारखं.

पुढं-मागं करताना एकच मोठा झटका आणि ठण्ण आवाज असेल तर ड्राइव्ह चेन ढिली, चाक हातानं पुढं-मागं हलवून मोकळा खेळ बघा, चारी चाकांची तुलना करा. न्यूट्रलला चाकं आपोआप फिरत असतील तर सेंटरिंगचं सेटिंग हललंय. आणि मशीन एका बाजूला ओढतंय म्हणून पंप खोलायच्या आधी टायरची हवा बघा राव, एक नवीन आणि एक गुळगुळीत टायर असेल तरी ओढतं.

दांडी सोडल्यावर पंपाचा आर्मच खरखरीत, अडखळत फिरत असेल तर मात्र आतली स्वॉश प्लेट (तिरकी होऊन तेल कमी-जास्त करणारी चकती) किंवा तिची बेअरिंग. इथं आपण थांबायचं, ते यार्डात उघडायचं काम नाय.

जॉयस्टिकच्या मशीनचं थोडक्यात

पायलट जॉयस्टिक (कमी प्रेशरच्या तेलानं मेन स्पूल हलवणारी) मुळातच हलकी असते, ती जड झाली म्हणजे बिघाड जॉयस्टिकच्याच बुडात, रबर फाटून धूळ आत. ती हलकी आहे पण काम झटक्यात होतंय तर पायलटचं प्रेशर बघा, बऱ्याच मशीनला ते चार्ज पंपाकडनं (चालण्याच्या पंपाला तेल पुरवणारा छोटा पंप) येतं, म्हणून चालणं आणि आर्म दोन्ही एकदम ढिले पडले की चार्ज फिल्टरकडं जा. एकच काम बिघडलं असेल तर इंजिन बंद करून, प्रेशर उतरवून, दोन कामांच्या पायलट होज अदलाबदल करा. बिघाड होजबरोबर दुसऱ्या कामाकडं गेला तर दोष जॉयस्टिककडं, तिथंच राहिला तर मेन स्पूलकडं. अदलाबदल केलीय हे ऑपरेटरला सांगा, नायतर तो बकेट वळवायला जाईल आणि आर्म वर येईल.

इलेक्ट्रिक जॉयस्टिकला आधी बॅटरीचे व्होल्ट, अर्थिंग आणि प्लगमधलं पाणी. कॉइलचा ओहम शेजारच्या तशाच कॉइलशी ताडून बघा. जॉयस्टिक किंवा व्हॉल्व्ह बदलला असेल तर कॅलिब्रेशन केल्याशिवाय झटके जाणारच नाहीत, तिथं कंपनीचा माणूस लागतो.

गेज लावल्याशिवाय रिलीफला हात नाय

एवढं सगळं करून सगळीच कामं अजून थरथरत असतील तर टेस्ट पोर्टला गेज लावा. या साइझच्या लोडरला मेन रिलीफ साधारण ३००० पीएसआयच्या, म्हणजे २०० बारच्या आसपास असतो, नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या आणि गेज ५००० पर्यंतचं वापरा. बकेट शेवटपर्यंत वळवून दोन-तीन सेकंदच धरा. काटा एका जागी थांबला पाहिजे, थरथरत असेल तर रिलीफच्या सीटखाली कचरा आहे, काढून धुवा. स्क्रू आवळून प्रेशर वाढवायचा मोह होतो, "जोर वाढतो" असं म्हणतात लोक, जोर वाढत नाय, होज फुटते. गेजवर प्रेशर कमी, रिलीफ स्वच्छ, फिल्टर-सक्शन नीट, एवढं झाल्यावर पंपाचं नाव घ्या.

काम झाल्यावर सगळं जोडून लगेच लोड देऊ नका. टाकी लेव्हलला भरा, आयडलवर आर्म आणि बकेट पंधरा-वीस वेळा शेवटपर्यंत न नेता वरखाली करा, मग पूर्ण स्ट्रोक, मग बंद करून लेव्हल परत बघा, हवा निघाली की लेव्हल खाली गेलेली असते. व्हॉल्व्ह किंवा पंप उघडला असेल तर नवीन फिल्टर ५० तासांनी परत बदला, आणि तो पण कापून बघा. आमच्या त्या परवाच्या उजव्या पेडलला काय झालं होतं म्हणाल तर बगॅसच, फक्त यावेळी वडी पेडलखाली नव्हती, दांडी चॅसीच्या भोकातनं जाते तिथं होती. आता ऑपरेटरच्या सीटमागं एक जुना स्क्रू ड्रायव्हर दोरीनं बांधून ठेवलाय, शिफ्ट बदलताना दोन्ही जागा खरवडायच्या.